समोरचा सारखा मिठी मारतो, काय करू? (बॉक्सिंगमधलं क्लिंच, म्हणजे समोरच्याला धरून चिकटणं, आणि आतली धक्काबुक्की)

सदाशिवपेठी_साउथपॉ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

वय ३१, वजन ७४, उंची ५ फूट १० इंच, डावखुरा. आयटीतली ढेरी कमी करायला म्हणून बॉक्सिंगला गेलो आणि अडीच वर्षं झाली, अडकलो ते अडकलोच. गेल्या रविवारी एका क्लबच्या ओपन स्पर्धेत माझी दुसरी बाउट होती. पहिली जिंकलेलो त्यामुळे जरा हवेत होतो हे कबूल. समोर जो आला तो माझ्यापेक्षा तीनचार इंच बुटका, मान नावाचा प्रकारच नाही, खांद्यावर डायरेक्ट डोकं. म्हटलं चला, लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत राहू, हा कशाला पोचतोय.

पोचला. पहिल्या वीसेक सेकंदात माझे दोन जॅब आणि एक लेफ्ट (मागच्या, डाव्या हाताचा) बरा लागला, तिसऱ्या वेळेला तो वाकून आत आला, माझे दोन्ही हात काखेत दाबले आणि डोकं माझ्या हनुवटीखाली घातलं. झालं. तिथून पुढे तिन्ही राउंड आम्ही दोघं दहा वर्षांनी भेटलेल्या साडूंसारखे गळ्यात गळे घालून उभे. त्याच्या दाढीच्या खुंटांनी माझी मान सोलून निघालीये आणि त्याने काहीतरी आयोडेक्ससारखं फासलं होतं तो वास अजून नाकात आहे. रेफरी ब्रेक म्हणाला की मी शहाण्यासारखा हात खाली करून मागे, आणि हा जाता जाता बरगडीत एक ठेवून देणार. दुसऱ्या राउंडला वैतागून मी त्याला ढकलायला लागलो तर रेफरीने समज दिली ती मला!! मलाच!

हरलो. त्याचं वाईट नाही वाटत (वाटतं). पण सोमवारी सकाळी मान इतकी धरली होती की गाडी पार्किंगमधून मागे घेताना सोसायटीच्या वॉचमनला 'मागे बघ रे जरा' म्हणायची वेळ आली. तर जाणकारांनो, असा चिकटणारा माणूस समोर आला की करायचं काय? आमच्या क्लबात पॅड, बॅग, स्किपिंग सगळं शिकवतात पण हा विषय कुणी काढतच नाही. आणि हे असलं खेळणं नियमात बसतं का मुळात?

निळा_कोपरा
व्हिडिओ आहे का कुणी काढलेला? असेल तर तुमचे हात नका बघू, पाय बघा आणि सांगा तो आत येतो तेव्हा तुम्ही कुठे जाता.

चिंचगुळ
साडू 😂😂 आमच्याकडे साडू भेटले की याच्यापेक्षा जास्त मारामारी होते.

सदाशिवपेठी_साउथपॉ
@निळा_कोपरा आहे, मित्राने काढलाय, अर्धा वेळ समोरच्या काकांचं टक्कल दिसतंय त्यात पण जेवढं दिसतंय ते बघितलं. मी सरळ मागे जातो. दर वेळी. दोन पावलं मागे, पाठीला दोर लागतो आणि मग मिठी. आणि अजून एक दिसलं, मी मारून झाल्यावर पूर्ण ताठ उभा असतो, दिव्याच्या खांबासारखा.

निवृत्त_हवालदार
वाचलं. सर्विसेसला (सैन्याच्या संघातून) खेळलोय, नंतर पोरांना शिकवलंय, आता सातारला घरी आहे, म्हणून वेळ आहे, म्हणून लांब लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट. तुमचं उत्तर तुम्हीच वर दिलेलं आहे. क्लिंच झाल्यावर काय करायचं हे तुम्ही विचारताय, पण क्लिंच होतो तो त्याच्या अर्धा सेकंद आधी. तुम्ही लेफ्ट मारला, ताठ झालात, तिथंच उभे राहिलात. तो लेफ्टच्या खालून आला आणि समोर त्याला तुम्ही तयार सापडलात. मारलं की हलायचं. डावखुऱ्याने उजव्या पायावर फिरायचं, मागचा डावा पाय उजवीकडे न्यायचा. तो ज्या जागेला मिठी मारायला आला त्या जागेला तुम्ही नाहीच, तो पुढे जाऊन दोराला मिठी मारतो. एकदोनदा दोराला मारली की त्याचा येण्याचा जोर कमी होतो. आणि तो बुटका डोकं खाली घालून येतोय तर प्रत्येक वेळी लेफ्टच का? उजव्या हाताचा आखूड अपरकट, खालून वर जाणारा, ठेवा ना एक, त्याला येताना दिसू दे.

दुसरी. आलाच आत, तर हात कुठे? तुमचे हात बाहेर होते म्हणून त्याने काखेत दाबले. कोपरं बरगडीला लावून, ग्लोव्हज हनुवटीजवळ, म्हणजे तुमचे हात आत आणि त्याचे बाहेर. मग तो मिठी मारतो ती तुमच्या दंडाला बाहेरून, त्यात काही दम नसतो. हात दाबला गेलाच तर मागे ओढून काढू नका, सगळे तेच करतात, जेवढा ओढाल तेवढा तो काखेत घट्ट करतो. कोपर खाली आणा, बरगडीकडे, आणि मनगट आतल्या बाजूला फिरवा. सुटतो. घरी भावाच्या काखेत हात देऊन करून बघा.

तिसरी, गुडघे. सरळ पायावर उभं राहून त्याचं वजन घेतलं की ते सगळं कमरेत आणि मानेत जातं. तुमची मान का धरली ते कळलं का आता? गुडघे वाकवायचे, कंबर त्याच्या कमरेच्या खाली किंवा बरोबरीत. कपाळ त्याच्या खांद्याच्या खोबणीत ठेवायचं, हनुवटी छातीला. त्याचं डोकं तुमच्या हनुवटीखाली गेलं म्हणजे जागा त्याने जिंकली. तुमचं डोकं आधी बसलं पाहिजे. आता बसवायचं म्हणजे आपटायचं नाही, डोक्याने मारणं फाउल आहे आणि भुवई फुटली की बाउट तिथंच संपते, कुणाची फुटेल सांगता येत नाही.

चौथी. ढकलू नका. तुम्हाला समज मिळाली ती बरोबर मिळाली. रेफरीला दिसतं ते असं की एक जण धरतोय आणि एक जण ढकलतोय, आणि ढकलणं उठून दिसतं. ढकलण्यापेक्षा मनगटापासून कोपरापर्यंतचा हात त्याच्या खांद्यावर अडसरासारखा आडवा ठेवा, गळ्यावर नाही, खांद्यावर. तो पुढे रेटतो तेव्हा तुम्ही बाजूला एक पाऊल. तो रेटत होता त्याच दिशेला जातो.

पाचवी आणि महत्त्वाची. 'ब्रेक' म्हटल्यावर हात खाली का केले?? ॲमॅच्युअरमध्ये ब्रेक म्हटल्यावर दोघांनी एक पाऊल मागे घेऊन मगच पुन्हा चालू करायचं असतं, आणि जाता जाता मारणं फाउल आहे हे खरं. पण रेफरी तुमच्या आईसारखा दर वेळी लक्ष ठेवणार नाही. हात वर ठेवून, हनुवटी खाली ठेवून मागे जा.

सदाशिवपेठी_साउथपॉ
काका 🙏🙏 हे प्रिंट काढून कपाटाला लावतोय. पाचवं वाचून लाज वाटली.

निळा_कोपरा
वाखू (वाचनखूण) साठवली.

मी_फक्त_वाचतो
सगळं मान्य पण मूळ प्रश्न राहिलाच की, हे नियमात बसतं का? मला तर बघताना हे बॉक्सिंग कमी आणि लोकलमधली रेटारेटी जास्त वाटते.

पंचावन्न_किलो
नियम: धरून ठेवणं फाउल आहे. रेफरी आधी समज देतो, मग वॉर्निंग, वॉर्निंग मिळाली की पॉइंट जातो आणि तीन वॉर्निंगला बाद. पण धरणं म्हणजे किती वेळ आणि कसं हे रेफरीच्या डोळ्यावर. मी जिल्हा राज्य मिळून बऱ्याच बाउट खेळले (मुलगी आहे, आयडीवरून लोक दादा म्हणतात म्हणून सांगितलं), एकाच दिवशी दोन रिंगमध्ये दोन वेगळे कायदे बघितलेत. म्हणून माझ्या आधीच्या दोन बाउट त्याच रेफरीच्या असतील तर मी खुर्ची घेऊन बसते आणि बघते की हा किती सेकंदांनी ब्रेक म्हणतो. लगेच म्हणणारा असेल तर आत जाऊन काही फायदा नाही, जाता येताना मारायचं. उशिरा म्हणणारा असेल तर आत काम करायची तयारी ठेवायची.

साउथपॉ, अजून एक. तो धरतोय आणि तू धरत नाहीयेस हे रेफरीला दिसलं पाहिजे. दोन्ही हात बाजूला मोकळे करून दाखवायचे, बघा साहेब माझे हात इथे आहेत. पण हे रेफरी तुमच्या बाजूला असतानाच, तो पाठीमागे असेल तर तुझे मोकळे हात फक्त समोरच्याला दिसतात आणि तो त्याचा फायदा घेतो 😐 स्वानुभव. खालचा ओठ दोन टाके.

आणि एक हात मोकळा असेल तर त्याने काहीतरी करत राहा. पोटात छोटे छोटे, जोर नसला तरी चालेल. काम चालू दिसलं की रेफरी पटकन तोडत नाही आणि जजला पण दिसतं की कोण खेळतंय आणि कोण लोंबकळतंय. तू रिकामा उभा राहिलास म्हणून दोघं सारखेच दिसलात.

तालमीतला
रामराम. लईच मजेशीर धागा हाय. मी कोल्हापूरचा, बॉक्सिंगचं मला ओ की ठो कळत न्हाई पण धाकटा भाऊ खेळतोय आणि तो लांब मारायला लागला की माझं त्याच्यापुढं चालत न्हाई, जवळ आला की मात्र त्याचं चालत न्हाई 😄 तेवढ्यावर सांगतो.

आमच्यात मातीत उतरलं की आधी खडाखडी. मानेवर हात, मनगटाला हात, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर हाय ते हाताला कळतं. तुम्ही लोकं समोरच्याला डोळ्यानं बघताय, आणि तो चिकटला की डोळ्यानं कायच दिसत न्हाई, तिथनं पुढं अंगानंच कळाय लागतं. त्या बुटक्याला ते येत असणार, मान न्हाई म्हणताय म्हणजे तो तालमीचाच गडी असणार बघा, पैज लावतो.

तुमचं काका म्हणतात ते हात आत ठेवायचं, ते आमच्यात पोरगं पयल्या वर्षाला शिकतं. दोघांनी छातीला छाती लावून उभं राहायचं, एक हात त्याच्या काखेतनं आत, एक बाहेर, आणि आलटून पालटून दोघंबी हात आत घालत राहायचं. पाच मिनिटं सलग करा, खांदं भरून येतात. ठोसं न्हाईत काय न्हाईत, नुसतं हात आत. पंधरा दिवसात तुमचा हात आपोआप आत जाईल, इचार कराय लागणार न्हाई.

आणि मानेचं. मर्दा ३१ वर्षाचा हाय आणि दिवसभर लॅपटॉप, तर पैलवानांचं बघून लगेच डोक्यावर पूल करू नगंस. तळहात कपाळाला लावून मान पुढं दाब, हलू देऊ नगं, दहा आकडं मोज. मग मागनं, मग दोन्ही बाजूनं. महिनाभर एवढंच.

निवृत्त_हवालदार
पैलवान बरोबर बोलले, विशेषतः अंगाने कळण्याचं. फक्त एक सावध करतो. कुस्तीची सवय असलेली पोरं मान खाली दाबतात आणि कंबरेला धरून उचलायला बघतात. दोन्ही फाउल. काखेतून हात आत घ्या, तिथपर्यंतच ठेवा.

तालमीतला
व्हय काका, आमचा भाऊ त्याच्यावरच एकदा बाद झालाय 🙈 कलाजंग डाव मारायचाच बाकी ठेवला होता.

बाल्कनीतला_प्रेक्षक
मी हातात ग्लोव्ह कधी घातला नाही, पण जुन्या लढती बघण्यात आयुष्य घालवलंय तेव्हा माझे दोन आणे.

क्लिंच म्हणजे रडीचा डाव असं समजणाऱ्यांनी मोहम्मद अलीला काय म्हणायचं? किन्शासाची फोरमनविरुद्धची लढत, ३० ऑक्टोबर १९७४. सगळ्यांना दोराला टेकून मार खाणारा अली आठवतो. पण नीट बघा, फोरमन जवळ आला की अली डाव्या हाताने त्याच्या मानेमागे धरतो, डोकं खाली ओढतो आणि अंगाचं वजन त्याच्यावर टाकतो. फोरमनसारखा आडदांड गडी, आठव्या राउंडपर्यंत ते वजन मानेवर वागवतोय, वर मारून मारून हात दमलेले. पडला तो एका ठोशाने नाही, आधीचे सात राउंड त्या मानेवर लिहिलेले होते.

त्याच्या आधी जानेवारी १९७४, अली-फ्रेझर दुसरी लढत, बारा राउंड. फ्रेझर बुटका, त्याचं सगळं खेळणं आत शिरून. अलीने काय केलं, तो आत आला की मानेमागे धरलं आणि रेफरी तोडेपर्यंत सोडलं नाही. सबंध लढतभर. फ्रेझरचा कोच एडी फच या धरण्यावर प्रचंड चिडलेला. आणि पुढच्या वर्षी मनिलाला त्या फचने काय केलं ते खरं शिकण्यासारखं आहे, त्याने रेफरी कोण असावा यावरच भांडण केलं आणि कार्लोस पाडिया हा फिलिपिनो रेफरी आला. पाडियाने अलीचा तो मानेमागचा हात चालू दिला नाही, हात झटकून काढायचा. फ्रेझरला आत काम करायला मिळालं आणि ती लढत काय झाली हे जगाला माहीत आहे, चौदाव्या राउंडनंतर फचनेच फ्रेझरला उठू दिलं नाही. म्हणजे वर पंचावन्न किलो म्हणतात ते खरं, रेफरी कोण हे अर्धं काम.

हाच पाडिया १९८० ला माँट्रियलला दुरान आणि लेनर्डच्या लढतीला रेफरी होता. तोडायला घाई केली नाही, दोघांना आत खेळू दिलं. आणि आत खेळू दिलं तर दुरान काय चीज आहे, खांदा, डोकं, कोपर सगळं कुठेतरी टेकलेलं, आणि एक हात कायम मोकळा. पंधरा राउंडनंतर निकाल दुरानकडे.

मँचेस्टरकर
वा प्रेक्षक, मजा आली. आमच्या गावचा विषय निघालाच नाही म्हणून लिहितो. इथे येऊन सोळा वर्षं झाली, आल्या आल्या ऑफिसातल्या लोकांशी बोलायला विषय हवा म्हणून फुटबॉल बघायला गेलो आणि तिथून इथल्या रिकी हॅटन या बॉक्सरच्या लढतींच्या रेकॉर्डिंगपर्यंत पोचलो. रिकी हॅटन २०२५ मध्ये गेला तेव्हा इथे घरचं कुणी गेल्यासारखं वातावरण होतं.

त्याच्या दोन लढती शेजारी शेजारी ठेवून बघा. ५ जून २००५, मँचेस्टर, कोस्त्या त्झूविरुद्ध. अमेरिकन टीव्हीच्या वेळेसाठी पहाटे दोनला लढत. हॅटन अकरा राउंड त्झूच्या अंगाला चिकटून, धरतोय, रेटतोय, पोटात मारतोय, पुन्हा धरतोय. त्झूचा राइट लांबून लागला तर संपलंच असतं, म्हणून त्याने लांब हा प्रकारच ठेवला नाही. बाराव्याला त्झू स्टुलावरून उठलाच नाही.

मग ८ डिसेंबर २००७, लास व्हेगास, मेवेदर. तोच हॅटन, तेच खेळणं, पण रेफरी कॉर्टेझ लगेच लगेच तोडत होता. सहाव्याला हॅटनचा पॉइंट गेला, त्यानंतर त्याचं डोकं फिरलं आणि दहाव्याला मेवेदरच्या हुकवर (बाजूने वळून येणारा ठोसा) सरळ कोपऱ्यातल्या पॅडवर जाऊन आपटला. इथले लोक अजून कॉर्टेझला शिव्या घालतात. मी आधी घालायचो, आता नाही. नीट बघितलं तर मेवेदर पण आत कमी नव्हता, कोपर काय, अडसर काय, धरणं काय, फक्त तो ते रेफरीच्या आंधळ्या बाजूला आणि शांतपणे करत होता.

बाल्कनीतला_प्रेक्षक
कॉर्टेझवर असहमत, पण तो वेगळा धागा होईल. व्लादिमीर क्लिच्कोबद्दल काय म्हणाल? ५ ऑक्टोबर २०१३, मॉस्को, पोवेत्किन. साडेसहा फुटी माणूस जॅब मारतो आणि पोवेत्किन वाकला की त्याच्या पाठीवर अख्खा ओणवा होतो. चार वेळा पाडलं, तिन्ही जजचं ११९-१०४, आणि तरी लढत बघवत नाही. पॉइंट कापला तो अकराव्या राउंडला!

मँचेस्टरकर
ती मी कांदे चिरत चिरत बघितली होती, डोळ्यात पाणी नक्की कशाने आलं सांगता येणार नाही.

मी_फक्त_वाचतो
पण मग उंच माणसाला हे फावतं आणि बुटक्यालाही फावतं, तर नुकसान कुणाचं?

निळा_कोपरा
ज्याला येत नाही त्याचं 😁

पंचावन्न_किलो
माझं एक मत, थोडं उलटं. साउथपॉने क्लिंच तोडायला शिकावंच, पण आधी स्वतः नीट धरायला शिकावं. हसू नका. नवीन पोरांना जोरात लागतं, पाय लटपटतात, आणि ती काय करतात, मागे मागे जातात आणि अजून मार खातात. कारण धरणं म्हणजे भ्याडपणा असं डोक्यात भरलेलं असतं. मला एकदा कानामागे असा बसला होता की रिंगमधला पांढरा दिवा दोन झाला. तेव्हा मी पुढे गेले, दोन्ही हात तिच्या दंडांवरून घालून कोपरांच्या वर घट्ट काखेत, डोकं तिच्या डोक्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलं, आणि रेफरी येईपर्यंत तीन श्वास घेतले. तीन श्वासात दिवा एक झाला. समज मिळाली, मिळू दे. राउंड निघाला.

हेच स्वतःला येत असेल तर समोरचा करायला लागल्यावर लगेच कळतं की आता हा हात कुठे घालणार.

निवृत्त_हवालदार
१००% सहमत. हे क्लबात न शिकवण्यामागे एक कारण आहे, ते सांगतो. आमच्या वेळचे कोच सगळे कॉम्प्युटर स्कोअरिंगचे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून २०१२ च्या लंडनपर्यंत ते होतं. पाच जज, आणि आमच्या वेळी त्यातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तर पॉइंट. आता विचार करा, दोघं चिकटलेत, पोटात आखूड हुक बसला, कुणाला दिसणार आणि कोण एका सेकंदात बटण दाबणार? लांबून स्वच्छ तोंडावर लागलेलाच मोजला जायचा. म्हणून आम्हाला शिकवलं, मार आणि बाहेर, चिकटलास तर वेळ फुकट. आम्ही पुढच्या पोरांना तेच दिलं. २०१३ पासून १० पॉइंटची पद्धत आली, जज पूर्ण राउंड बघून देतात, आतलं काम दिसायला लागलं. पण शिकवणारे आम्हीच होतो, जुनेच.

त्याच वर्षापासून मोठ्या पुरुषांचं हेडगार्ड पण गेलं. म्हणून परत सांगतो, डोकं सांभाळून. स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, हेडगार्ड घालाच.

आता सराव कसा. ट्रकचा जुना टायर आणा, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतो. दोघांनी आपापला पुढचा पाय टायरच्या आत ठेवायचा, पाय बाहेर काढायचा नाही, दोन मिनिटं फक्त पोटात, हलके. पळायला जागाच नाही. पहिल्या दिवशी दोघं आंधळ्यासारखे मारतात, चौथ्या दिवशी खांदा वापरायला लागतात. आणि बॅगवर कपाळ टेकवून आखूड ठोसे, बॅग झुलू द्यायची नाही, वजनाने धरून ठेवायची. तीन मिनिटांचा एक राउंड रोज. जड वाटेल.

चिंचगुळ
आमच्या इथल्या पंक्चरवाल्याने टायरचे दोनशे मागितले काका 😅 (मी बॉक्सिंग करत नाही, झोपाळ्यासाठी हवा होता)

सदाशिवपेठी_साउथपॉ
धागा वर काढतोय. सहा आठवडे झाले.

टायर आणला (फुकट, चिंचगुळ, तुम्ही भाव करत नाही). क्लबातला एक मित्र पटवला, आठवड्यातून तीन दिवस टायर आणि तालमीतले म्हणाले ते हात आत घालायचं. पहिला आठवडा खांदे इतके भरले की भांग पाडायला हात वर जाईना. मानेचं रोज करतोय, ऑफिसात मीटिंगला कॅमेरा बंद करून, एकदा चालू राहिला होता, मॅनेजरने विचारलं डोकं दुखतंय का.

परवा त्याच बुटक्याशी स्पारिंग केलं! त्याच्या क्लबात कुणाची तरी ओळख निघाली. तालमीतले, पैज जिंकलात, तो चार वर्षं कुस्ती करत होता, गुडघा गेला म्हणून इकडे आला. माणूस एकदम साधा आहे, स्पारिंग झाल्यावर स्वतःहून म्हणाला मला लांबून खेळताच येत नाही ओ, तुमचा लेफ्ट दिसत नाही, म्हणून धरतो.

चार राउंड केले. मोजून सांगतो, पहिल्या राउंडमध्ये सहा वेळा धरलं त्याने, त्यातलं एकदाही मी सुटलो नाही. सगळं विसरलो, टायर नाही मान नाही. मधल्या मिनिटात पाणी पिताना फक्त काकांचं एक आठवलं, मारलं की हलायचं. दुसऱ्याला लेफ्ट मारून उजव्या पायावर फिरलो आणि तो खरंच, शपथेवर, दोराला जाऊन भिडला. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बघत उभा राहिलो, मारायचं राहूनच गेलं 🤦 तिसऱ्या चौथ्याला मिळून पाचदा धरलं, त्यातलं तीन वेळा माझे हात आत होते आणि एकदा तर कपाळ त्याच्या खांद्यात बरोब्बर बसलं आणि मोकळ्या हाताने पोटात चार मारले. त्याने 'हूं' केलं. तो आवाज मी रिंगटोन ठेवणार आहे.

दाढी करून आला होता या वेळेला. आयोडेक्स तसंच.

आता नवीन प्रॉब्लेम. कपाळ खांद्यात ठेवतो तेव्हा मला त्याच्या मागच्या हाताचा अपरकट खालून येताना दिसतच नाही. दोन खाल्ले, दुसऱ्याला दातांवरचं गमशिल्ड बाहेर. त्याचं काय करू?

पंचावन्न_किलो
भारीच रे!! गमशिल्ड गरम पाण्यात नीट बसवून घे आधी.

तालमीतला
पैजेचं काय? कोल्हापूरला आलास की तांबडा पांढरा तुझ्याकडनं.

निवृत्त_हवालदार
शाब्बास. अपरकट खाल्ला म्हणजे डोकं मधोमध ठेवलंय, त्याच्या मागच्या हाताच्या रेषेत. पुढच्या खांद्याच्या बाहेर न्या. बाकीचं लांब आहे, वेगळा धागा काढा, आणि या वेळी व्हिडिओ टकलाच्या अलीकडून काढायला सांगा.